हेर्मान बारच्या मागावर: व्हिएन्ना, लिंझ, साल्झबुर्ग

बुधवार, व्हिएन्ना

१९०० च्या आसपासच्या ऑस्ट्रियातल्या कुठल्याही मोठ्या कलावंताचं चरित्र उघडलं, की कुठल्या ना कुठल्या पानावर हेर्मान बार भेटतोच. कवी होफमान्स्टालच्या चरित्रात भेटतो, नाटककार श्निट्झलरच्या भेटतो, चित्रकार क्लिम्ट, संगीतकार रिखार्ड श्ट्राउस, दिग्दर्शक माक्स राइनहार्ट यांच्या भेटतो. इतकंच काय, ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राची, म्हणजे झायोनिस्ट, चळवळ उभी करणाऱ्या थिओडोर हर्झलच्या चरित्रातही भेटतो. त्याचं स्वतःचं पुस्तक मात्र सहसा कुणाच्या कपाटात नसतं. नाटककार, समीक्षक, कादंबरीकार, संपादक. जन्म लिंझमध्ये, १९ जुलै १८६३. मृत्यू म्युनिकमध्ये, १५ जानेवारी १९३४. मी बरीच वर्षं नाटकांवर लिहिते आहे, आणि दुसऱ्यांच्या चरित्रांत सारखा डोकावणारा हा समीक्षक मला त्याच्या गावांत, त्याच्या घरापाशी जाऊन बघायचा होता. व्हिएन्नात माझा मामेभाऊ असतो. वहिनी जर्मन छान वाचतात, त्यामुळे सोबत आणि दुभाषी, दोन्हींची सोय घरच्या घरी झाली.

सुरुवात मिखाएलरप्लात्झपासून. एका बाजूला होफबुर्ग राजवाड्याचं हिरव्या घुमटाचं प्रवेशद्वार, समोर आडोल्फ लोसने बांधलेली ती प्रसिद्ध साधी इमारत, आणि चौकाच्या मध्यभागी उघडे ठेवलेले रोमन काळातले अवशेष. पर्यटक राजवाड्याकडे कॅमेरे रोखून उभे असतात. मी त्यांच्याकडे पाठ करून कोपऱ्यावरच्या इमारतीकडे बघत उभी राहिले. इथे १८४७ साली हाइन्रिख ग्रीनश्टाइडल नावाच्या माणसाने, तो मुळात औषधं विकणारा, एक कॉफीहाउस काढलं. जुनं बुर्गथिएटरही याच चौकात होतं. १८८८ मध्ये ते रिंगरस्त्यावरच्या नव्या इमारतीत गेलं. म्हणजे बारच्या तरुणपणापर्यंत नाटक सुटलं की नट आणि प्रेक्षक दहा पावलांत कॅफेत. साहित्यिकांच्या टेबलांमुळे लोकांनी त्याला 'कॅफे ग्र्योसेनवान' असं टोपणनाव ठेवलं होतं. आपण 'अहंकार कॅफे' म्हणू.

१८९१ मध्ये बार इथे येऊन बसला तेव्हा अठ्ठावीसही पूर्ण नव्हता, पण पॅरिस आणि बर्लिन दोन्ही करून आला होता. बर्लिनमध्ये तेव्हा निसर्गवादाची नाटकं नुकती कुठे रंगमंचावर आली होती. नाटककार हाउप्टमानच्या पहिल्या नाटकाचा गाजलेला प्रयोग १८८९ च्या ऑक्टोबरातला. आणि बारने १८९१ मध्ये पुस्तक काढलं, त्याचं नाव 'निसर्गवादावर मात'. बाकीचे जिथे पोचण्यासाठी धडपडत होते, तिथून हा पुढे निघालासुद्धा. बाहेरचं जग जसंच्या तसं उतरवून झालं, आता माणसाच्या मज्जातंतूंवर काय उमटतं ते लिहा, असं त्याचं म्हणणं.

या कॅफेतला सगळ्यात लाडका किस्सा बारने स्वतःच लिहून ठेवला आहे. त्याच्या 'आई' या नाटकावर एक परीक्षण छापून आलं होतं, खाली सही 'लोरिस'. परीक्षण इतकं मुरलेलं, इतकं फ्रेंच वाचलेल्या माणसाचं, की लेखक चाळिशी-पन्नाशीचा, पॅरिसमध्ये आयुष्य काढलेला असणार अशी त्याची खात्री पटली. आणि समोर येऊन उभा राहिला सतरा वर्षांचा शाळकरी मुलगा. नाव हुगो फॉन होफमान्स्टाल. शाळेत असेपर्यंत स्वतःच्या नावाने छापायची परवानगी नव्हती, म्हणून टोपणनाव. बारने पुढच्याच वर्षी त्याच्यावर लेख लिहिला आणि जर्मन वाचणाऱ्या जगाला सांगितलं की हा मुलगा बघा.

हा किस्सा मला आवडतो तो त्यातल्या आश्चर्यासाठी नाही. आपल्याच नाटकावर लिहिणाऱ्या पोराला, त्याचं वय कळल्यावर, खांद्यावर हात ठेवून 'छान लिहितोस' एवढं म्हणून वाटेला लावणं सोपं होतं. बारने त्याला बरोबरीचा मानलं. श्निट्झलर, बेअर-होफमान, पुढे 'बॅम्बी' लिहिणारा फेलिक्स साल्टन, पीटर आल्टेनबर्ग हे सगळे याच कॅफेच्या वर्तुळातले. त्यांना 'तरुण व्हिएन्ना' हे नाव चिकटलं आणि बार त्यांचा पुढारी समजला जाऊ लागला. त्यांच्यापैकी कुणीही त्याला फार काळ पुढारी मानलं नाही, हेही खरं. श्निट्झलरशी तर मैत्री वर्षानुवर्षं कधी ऊन कधी सावली. त्या दोघांचा पत्रव्यवहार ग्रंथरूपाने आता उपलब्ध आहे, आणि ती पत्रं वाचली की दोघांविषयीचा आदर वाढतो.

जानेवारी १८९७ मध्ये ती इमारत पाडायला घेतली. त्याच सुमारास बाविशीतल्या उपरोधकार कार्ल क्राउसने 'पाडलेलं साहित्य' ही लेखमाला लिहून कॅफेतल्या एकेकाची सालटी काढली. व्हिएन्नाला पाडून पाडून महानगर केलं जातंय, या वाक्याने तिची सुरुवात. बारला त्याने 'लिंझचे गृहस्थ' म्हणून हाणलं. साल्टन इतका चिडला की कॅफेतच त्याने क्राउसला थप्पड मारली, आणि श्निट्झलरने ती डायरीत नोंदवली. १९९० मध्ये त्याच जागी त्याच नावाचं कॅफे पुन्हा उघडलं होतं, २०१७ मध्ये तेही बंद झालं.

आम्ही हेरेनगासेने चालत कॅफे सेंट्रलला गेलो. ग्रीनश्टाइडलचं कॅफे गेल्यावर बरीच मंडळी इथेच आली. दारात आल्टेनबर्गचा पुतळा टेबलाशी बसलेला आहे, झुबकेदार मिशा, टक्कल. मेलांज, म्हणजे दुधाची फेसाळ कॉफी, मागवली. चांदीच्या रंगाच्या छोट्या तबकात कप, शेजारी पाण्याचा पेला आणि पेल्यावर आडवा चमचा. वहिनींनी बारचा 'लोरिस'वरचा लेख फोनवर काढून मोठ्याने वाचायला घेतला. एक परिच्छेद मराठीत सांगून झाल्यावर म्हणाल्या, "अगं, हा टीका करत नाहीये. हा ओळख करून देतोय."

गुरुवार, व्हिएन्ना

सकाळी आधी प्राटरश्ट्रासे. इथे कार्लथिएटर होतं, युद्धात उद्ध्वस्त झालं आणि १९५१ मध्ये पाडलं. बघायला काही नाही, तरी जाऊन आले. १८९१ मध्ये बार एका बर्लिनच्या नाटकमंडळीबरोबर सेंट पीटर्सबर्गला गेला होता. तिथे त्याने एका इटालियन नटीचं काम पाहिलं आणि फ्रँकफुर्टच्या वर्तमानपत्राला लेख पाठवला. नटीचं नाव एलिओनोरा दूझे. जर्मन मुलखात तिला फारसं कुणी ओळखत नव्हतं. त्या लेखाने तिच्यासाठी दार उघडलं, आणि फेब्रुवारी १८९२ मध्ये ती या कार्लथिएटरमध्ये उभी राहिली. पुढे ती कुठे पोचली ते नाटकवाल्यांना सांगायला नको. परीक्षण लिहिणाऱ्या माणसाने आयुष्यात एवढं एक काम केलं असतं तरी पुरे होतं.

तिथून लोबकोव्हित्झप्लात्झ. लोबकोव्हित्झ राजवाड्यात आता नाट्यसंग्रहालय आहे. बेथोव्हेनची 'एरोइका' १८०४ मध्ये याच वास्तूत खासगी बैठकीत वाजली, त्या दालनाला आज तिचंच नाव आहे. पण मी आले होते एका चित्रासाठी. क्लिम्टचं 'नूडा व्हेरिटास', म्हणजे नग्न सत्य, १८९९ चं. हे चित्र नाट्यसंग्रहालयात कसं, असा प्रश्न पडतो. उत्तर बार. चित्र त्याने विकत घेतलं होतं, ते त्याच्या अभ्यासिकेत असायचं, आणि त्याच्या संग्रहाबरोबर ते इथे आलं.

चित्र समोर आलं की पहिल्यांदा त्याचा आकार अंगावर येतो. उंची अडीच मीटर, रुंदी जेमतेम अर्ध्या मीटरच्या वर. दाराच्या एका फळीएवढं. त्यात एक नग्न स्त्री, तांबूस केसांत पांढरी फुलं माळलेली, हातात गोल आरसा, आणि तो आरसा तिने स्वतःकडे धरलेला नाही, आपल्याकडे धरलेला आहे. पायांशी साप. मागे निळं पाणी असल्यासारखा भास. तिचे डोळे थेट समोर बघतात, पण ते बोलावत नाहीत. वरच्या सोनेरी पट्टीत जर्मन कवी शिलरची ओळ आहे. वहिनींनी मान वर करून वाचली आणि सांगितली: तुझ्या कृतीने आणि कलेने सगळ्यांना खूश करता येत नसेल तर थोड्यांना पटेल असं कर, पुष्कळांना आवडणं वाईट.

आता एक समीक्षक, जो रोज वर्तमानपत्रात पुष्कळांसाठी लिहितो, जो रंगमंचावर पुष्कळांना हसवणारी नाटकं लिहितो, तो ही ओळ आपल्या लिहिण्याच्या खोलीत ठेवतो. मी त्या चित्रासमोर बराच वेळ उभी होते. बारमधला सगळा ताण त्या एका ओळीत आहे असं मला वाटतं. त्याला दोन्ही हवं होतं. थोड्यांसाठी असलेली कला पुष्कळांपर्यंत नेणं हा त्याचा धंदाच होता.

दुपारी सेसेशन, म्हणजे जुन्या कलासंस्थेतून फुटून निघालेल्या क्लिम्ट वगैरे चित्रकारांचं प्रदर्शनगृह. नाशमार्कटच्या टोकाला पांढरी इमारत, वर सोनेरी पानांचा जाळीदार घुमट. लोक तिला प्रेमाने 'कोबीचा गड्डा' म्हणतात. योझेफ मारिया ओल्ब्रिखने ती १८९८ मध्ये पुरी केली. तळघरात क्लिम्टचा बेथोव्हेन पट, म्हणजे भिंतीवरची लांबलचक चित्रपट्टी, आहे, तो बघायला लोक येतात आणि यावंच. पण माझ्या डोक्यात होती इथली भांडणं. बार या चित्रकारांच्या मासिकात सुरुवातीपासून होता. मार्च १९०० मध्ये क्लिम्टने विद्यापीठासाठी केलेलं 'तत्त्वज्ञान' इथे मांडलं आणि ८७ प्राध्यापकांनी निषेधपत्रावर सह्या केल्या. वर्तमानपत्रं तुटून पडली. बारने १९०१ मध्ये क्लिम्टच्या बाजूने जाहीर भाषण केलं. आणि १९०३ मध्ये त्याने एक अजब पुस्तक काढलं, 'क्लिम्टच्या विरुद्ध'. क्लिम्टवर छापून आलेली शेलकी शिवीगाळ गोळा केली, थोडकी प्रस्तावना जोडली आणि छापून टाकली. कुणाला उत्तर दिलं नाही. पुढच्या पिढ्यांनी स्वतःच वाचावं. मला समीक्षेच्या इतिहासात याहून धारदार पुस्तक आठवत नाही, आणि त्यातलं बहुतेक सगळं दुसऱ्यांनी लिहिलेलं आहे. 'तत्त्वज्ञान' आणि त्याच्या जोडीची दोन चित्रं १९४५ मध्ये इमेनडॉर्फच्या किल्ल्यात जळाली. ते शिव्यांचं पुस्तक उरलं.

शुक्रवार, ओबर सांक्ट फाइट

हिरव्या यू-चार मेट्रोने ओबर सांक्ट फाइट. पूर्वी हे शहराबाहेरचं द्राक्षमळ्यांचं गाव होतं, आता शांत, महागड्या बंगल्यांचा भाग. स्टेशनवरून चढ लागतो. विंझरश्ट्रासेवर बारचं घर अजून उभं आहे. १८९९-१९०० मध्ये ओल्ब्रिखने, सेसेशनची इमारत संपल्या संपल्या, त्याच्यासाठी बांधलं. मोठं उतरतं छप्पर, खेड्यातल्या घराचा आव, पण प्रत्येक रेघ विचार करून मारलेली. आत 'नूडा व्हेरिटास'ची जागा अभ्यासिकेच्या लाकूडकामातच धरलेली होती. घर खासगी आहे, त्यामुळे रस्त्यावरूनच पाहिलं, फाटकाशी रेंगाळणंही बरं दिसलं नसतं.

या घराच्या जमिनीवरून कोर्टकचेरी झाली, आणि ती मला नीट सांगायची आहे, कारण परीक्षणं लिहिणाऱ्या प्रत्येकाने ती माहीत करून घ्यावी. कार्ल क्राउसने एप्रिल १८९९ मध्ये 'डी फाकेल', म्हणजे मशाल, हे स्वतःचं नियतकालिक सुरू केलं. त्यात त्याने आरोप केला की डॉइचेस फोल्क्सथिएटरचे संचालक बुकोव्हिक्स यांच्याकडून बारला या जमिनीचा लाभ मिळाला. ज्या थिएटरच्या प्रयोगांवर बार वर्तमानपत्रात लिहितो, त्याच थिएटरकडून. दोघांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. १९०१ मध्ये क्राउस हरला, त्याला दंड झाला.

कोर्टाने निकाल दिला तो जमिनीपुरता. पण क्राउसचा मूळ प्रश्न त्या निकालाने संपत नाही, असं माझं मत आहे. बारची स्वतःची नाटकं फोल्क्सथिएटरमध्ये होत होती, आणि तोच माणूस त्या थिएटरच्या इतर नाटकांवर लिहीत होता. ज्या घरात आपण पाहुणे म्हणून जेवतो त्या घरच्या स्वयंपाकाबद्दल दुसऱ्या दिवशी जाहीर मत द्यायचं, असा प्रकार. माणूस कितीही सचोटीचा असला तरी हात थोडा आखडतो. नाटककार आणि समीक्षक एकाच अंगात असणं ही देणगी आहे, कारण लिहिणाऱ्याची अडचण त्याला आतून कळते. पण एकाच गावात, एकाच थिएटरबाबत दोन्ही कामं करू नयेत. क्राउसने बारवर आयुष्यभर अन्याय्य लिहिलं, त्याच्यातलं चांगलं कधी पाहिलंच नाही. या एका मुद्द्यावर मात्र मी क्राउसच्या बाजूची आहे.

त्याच वेळी हेही सांगायला हवं की बारच्या व्हिएन्नातल्या परीक्षणांचे संग्रह, 'व्हिएन्ना थिएटर १८९२–१८९८' आणि त्यानंतरचे, वहिनींच्या मदतीने मी जेवढे वाचले त्यात त्याचं लक्ष कायम नटाच्या शरीरावर असतं. संहितेचा सारांश सांगून जागा भरत नाही. नटी वाक्य संपल्यावर काय करते, गप्प असताना खांदा कसा धरते, हे तो टिपतो. आजही फार थोडे लोक असं लिहितात.

संध्याकाळी बुर्गथिएटर. दोन्ही बाजूंच्या भव्य जिन्यांवर छताला गुस्टाव क्लिम्ट, त्याचा भाऊ एर्न्स्ट आणि फ्रान्झ माट्श यांनी १८८६ ते १८८८ मध्ये काढलेली नाट्येतिहासाची चित्रं आहेत. हा क्लिम्ट अजून आज्ञाधारक होता, सुबक आणि तपशीलवार. काल पाहिलेल्या चित्राच्या चित्रकाराशी याचं नातं ओळखूही येत नाही. साम्राज्य कोसळत असताना, १९१८ च्या शरद ऋतूत, बारला या थिएटरच्या कारभारात घेतलं होतं. काही महिन्यांतच ते संपलं. तरुणपणी ज्या संस्थेवर बाहेरून तोफा डागल्या तिथे तो आत आला, आणि थोड्याच दिवसांत संस्थेचे सम्राटच उरले नाहीत.

शनिवार, लिंझ

सकाळच्या गाडीने सव्वा तासात लिंझ. डॅन्यूब इथे रुंद आणि संथ आहे, मुख्य चौक नदीपर्यंत उतरत जातो. बारचे वडील आलोइस इथले वकिली पेशातले प्रतिष्ठित उदारमतवादी गृहस्थ होते, राजकारणातही वावरले. मुलगा व्हिएन्नात शिकायला गेला आणि बरोबर उलट्या टोकाला जाऊन बसला, सगळ्या जर्मनांचं एक राष्ट्र व्हावं म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांच्यात. फेब्रुवारी १८८३ मध्ये संगीतकार वाग्नर वारला. मार्चमध्ये व्हिएन्नात विद्यार्थ्यांची शोकसभा झाली, तिथे बारने असं काही भाषण ठोकलं की विद्यापीठाने त्याला काढून टाकलं. सभेचा सूर ज्यूद्वेष्टा होता. बार ज्या 'आल्बिया' या विद्यार्थीमंडळात होता, त्याच मंडळात थिओडोर हर्झल होता. ते सगळं कळल्यावर हर्झलने मंडळाचा राजीनामा दिला.

हे मला लपवायचं नाही, आणि पुढचंही सांगायचं आहे. दहा वर्षांनी, १८९३ मध्ये, हाच बार युरोपभर फिरून ज्यूद्वेषावर मुलाखती घेत होता. बेबेल, मोमसेन, हेकेल, इब्सेन अशा माणसांना भेटून त्यांचं म्हणणं त्याने वर्तमानपत्रात छापलं आणि १८९४ मध्ये त्याचं पुस्तक केलं. मुलाखत हा प्रकार जर्मन वृत्तपत्रांत तेव्हा नवाच होता. १८९५ मध्ये त्याने रोझा योकल या ज्यू नटीशी लग्न केलं. क्राउस आणि इतर त्याला सरडा म्हणाले असतील तर त्यात नवल नाही. मला मात्र वाटतं की विशीतल्या विषारी मताला तिशीत स्वतःच्या पायांनी चालत जाऊन तपासणं, दहा जणांना विचारणं, हे रंग बदलणं नव्हे.

नदीकाठी श्टिफ्टरहाउस आहे. लेखक आडालबेर्ट श्टिफ्टर या घरात राहिला, इथेच १८६८ मध्ये वारला, आता इथे प्रदेशाचं साहित्यकेंद्र आहे. बार तेव्हा चार-पाच वर्षांचा असेल, याच गावात. खिडकीतून नदी सारखी दिसत राहते, बार्ज जातात, श्टिफ्टरच्या लांबच लांब वाक्यांचा वेग कुठून आला ते इथे बसल्यावर लक्षात येतं. बारने १९१९ मध्ये त्याच्यावर छोटं पुस्तक लिहिलं. आयुष्यभर नव्याच्या मागे धावलेला माणूस, छप्पन्नाव्या वर्षी, आपल्या गावच्या, संथ, जुनाट समजल्या गेलेल्या लेखकाकडे लोकांना वळवू बघतो. मला ही त्याची सगळ्यात मोकळी कृती वाटते. होफमान्स्टालला ओळखायला कान तीक्ष्ण लागतात. घरच्या अंगणात पडलेलं ओळखायला त्याहून जास्त काहीतरी लागतं.

बाकी लिंझ भराभर केलं. लिंझर टोर्ट खाल्ला, पाऊस आला, स्टेशन गाठलं.

रविवार, साल्झबुर्ग

१९१२ मध्ये बार व्हिएन्ना सोडून साल्झबुर्गला आला आणि ब्युर्गलश्टाइन टेकडीच्या पायथ्याच्या आरेनबर्ग वाड्यात भाड्याने राहिला. शाळेची शेवटची वर्षं त्याने याच गावात काढली होती. बरोबर दुसरी बायको, ऑपेरागायिका आना फॉन मिल्डेनबुर्ग. तिच्याविषयी वेगळं पुस्तक वाचावं अशी ही बाई. हॅम्बुर्गमध्ये संगीतकार माहलरने तिला घडवलं, १८९७ पासून बायरॉइटला वाग्नर महोत्सवात गायली, व्हिएन्नाच्या ऑपेरात १९०३ च्या माहलर आणि नेपथ्यकार रोलर यांच्या 'ट्रिस्टान'मधली, म्हणजे वाग्नरच्या ऑपेरातली, इझोल्डे ती. १९०९ मध्ये दोघांचं लग्न झालं, आणि त्याच वर्षी बारचं आज टिकून असलेलं एकमेव नाटक रंगमंचावर आलं, त्याविषयी शेवटी सांगते.

वाड्याभोवती झाडी आहे, चालायला छान. पण इथे आल्यावर १९१४ आठवल्याशिवाय राहत नाही. युद्ध सुरू झालं आणि नव्याला आधी ओळखणारा हा माणूस सगळ्यांबरोबर वाहून गेला. ऑगस्टमध्ये त्याने होफमान्स्टालला उद्देशून खुलं पत्र छापलं. मित्र शस्त्र घेऊन आघाडीवर आहे अशी कल्पना करून, भारावून लिहिलेलं. होफमान्स्टाल त्या काळात व्हिएन्नात युद्धमदतीच्या कचेरीत काम करत होता. क्राउसने ते पत्र उचललं आणि 'मानवजातीचे अखेरचे दिवस' या आपल्या अवाढव्य नाटकात त्याचं हसं केलं. अडचण अशी की बारचं तेव्हाचं भारावणं आणि १८९१ मधलं भारावणं एकाच जातीचं आहे. लोरिसला पाहून, दूझेला पाहून, क्लिम्टला पाहून तो ज्या वेगाने स्वतःला विसरला, त्याच वेगाने इथेही. उत्साह हेच ज्याचं हत्यार, त्याला ते कुठे म्यान करायचं हे कुणी शिकवत नाही. मला त्याच्या या पत्राबद्दल राग येतो, आणि तो राग त्याच्या बाकीच्या कामावरच्या प्रेमातूनच येतो.

त्याच वाड्यातली १९१६ ची दुसरी गोष्ट सुखाची. श्ट्राउसने त्याला आपल्याच संसारावरच्या ऑपेराची संहिता लिहायला सांगितली. बारने प्रयत्न केला आणि लक्षात आलं की ही माणसं, ही भांडणं श्ट्राउसइतकी कुणालाच ठाऊक नाहीत. तुम्हीच लिहा, असं त्याने कळवलं. श्ट्राउसने खरंच स्वतः लिहिलं, आणि १९२४ मध्ये 'इंटरमेझो' आलं. एवढी मोठी संधी दुसऱ्याच्या हातात परत ठेवणारा लेखक विरळा.

दुपारी कॅथेड्रलसमोरच्या चौकात गेलो. २२ ऑगस्ट १९२० ला इथे राइनहार्टने होफमान्स्टालचं 'येडरमान' उघड्यावर केलं आणि साल्झबुर्गचा महोत्सव सुरू झाला. दरवर्षी इथेच, याच पायऱ्यांसमोर, 'येडरमान' होतं. महोत्सवाच्या संस्थापकांत राइनहार्ट, होफमान्स्टाल आणि श्ट्राउस ही नावं घेतली जातात, आणि ती बरोबरच आहेत. पण साल्झबुर्गात उन्हाळी नाटकांचा उत्सव भरवायचा बेत बार आणि राइनहार्ट यांनी १९०३-०४ च्या सुमारासच मांडला होता. पंधराएक वर्षं आधी. नेहमीप्रमाणे आधी.

बसने म्युनिसिपल दफनभूमीत. १९२२ मध्ये आनाच्या अध्यापनासाठी दोघं म्युनिकला गेले होते, बार तिथेच वारला, पण पुरला इथे. १९४७ मध्ये आनाही. वहिनींनी पिशवीतून आणलेली फुलं ठेवली आणि म्हणाल्या, "चल, सव्वापाचची गाडी चुकायला नको."

रविवार रात्र, परतीची गाडी

तर ते नाटक. 'दास कोन्त्सर्ट', तीन अंकी विनोदी, २३ डिसेंबर १९०९ ला बर्लिनच्या लेसिंगथिएटरमध्ये पहिला प्रयोग, श्ट्राउसला अर्पण. पुढच्याच वर्षी ते ब्रॉडवेवर गेलं. गुस्टाव हाइंक हा पियानोवादक, भोवती शिष्यांचा, खरं तर शिष्यिणींचा गराडा. 'गावाला कार्यक्रम आहे' म्हणून तो एका विवाहित शिष्येला, डेल्फीनेला, घेऊन डोंगरावरच्या झोपडीत जातो. हाइंकची बायको मारी आणि डेल्फीनेचा नवरा डॉक्टर युरा मागोमाग तिथे पोचतात, आणि भांडत नाहीत. दोघं शांतपणे सांगतात की आम्हालाही एकमेकांशी जमेल असं वाटतंय, तुम्ही खुशाल एकत्र राहा. चोरून भेटण्यात जी मजा होती ती परवानगी मिळताक्षणी संपते. उस्तादाला घरची चहाची वेळ आठवायला लागते.

एवढ्या गाभ्यावर बारने जे उभं केलं ते आजही करकरीत आहे, कारण मारी बिचारी नाही आणि धूर्तही नाही. नवऱ्यातला कलावंत आणि नवऱ्यातलं लाडावलेलं पोर, दोघांना ती वेगवेगळं ओळखते आणि दोघांनाही सांभाळते. समीक्षक बार नटांच्या ज्या बारीक हालचाली टिपायचा, त्या सगळ्या नाटककार बारने मारीच्या गप्प बसण्यात पेरल्या आहेत.

हे नाटक मराठीत यावं असं मला मनापासून वाटतं. पियानोवादकाऐवजी ख्यालगायक केला तरी पहिल्या अंकातला शिष्यांचा गराडा जसाच्या तसा उभा राहील. डोंगरावरच्या झोपडीला पाचगणीचा बंगला चालेल. युरा अवघड आहे, हुशार पण व्यवहाराला भोळा, बोलताना कधीच आवाज न चढवणारा. तो नट मिळाला तर अर्धं काम झालं. मारीसाठी पंचेचाळिशीच्या पुढचीच नटी हवी, तरुण नटीला पांढऱ्या बटा चिकटवून चालणार नाही. गाडी आटनांग-पुखहाइमला थांबली तेव्हा वहिनींनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि पहिला प्रवेश तोंडी मराठीत सांगायला सुरुवात केली. व्हिएन्ना येईपर्यंत दोन प्रवेश झाले. कच्चा अनुवाद त्या करणार आहेत, संवाद मी बसवणार आहे, आणि पहिला अंक दिवाळीपर्यंत वाचनाला तयार ठेवायचं ठरलं आहे.